रजनीआत्याची डावी गिटार

रजनीआत्याला राग आला की आवाज होत नाही, मला आला की होतो. म्हणून ही हकीकत मी सांगतेय ते एका परीनं बरंच आहे. तिच्यावर सोडली असती तर दोन वाक्यांत आटोपली असती, आणि त्यातलं एक उन्हाळ्याबद्दल असतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. इंजिनीअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि धरणं, कालवे, दरवाजे रेघ न रेघ शाईनं उतरवून घ्यायचे, हे तिचं काम. संगणक आले तेव्हा खात्यानं तिला एका कोपऱ्यात बसवलं आणि जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळायला दिल्या. निवृत्त होईपर्यंत तिनं त्या सांभाळल्या. तिचे यजमान कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मूलबाळ नाही. हैदराबादेत नल्लकुंट्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहते आणि आमचे नातेवाईक तिला "बिचारी" म्हणतात. हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर ही बिचारी साठी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार बनवायला बसली. विकत घ्यायला नव्हे, लाकडापासून बनवायला. त्याआधी तिनं आयुष्यात भिंतीत एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

आमच्या घरात त्यावर जे काही बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं माझ्या सख्ख्या बापाचं आहे. बाबा चिक्कडपल्लीला राहतात आणि वकिली करतात. "वकिलाची बहीण सुतार झाली," असं ते कोर्टाच्या बार रूममध्ये हसत सांगायचे आणि घरी येऊन पुन्हा आम्हाला सांगायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. गिटार कशासाठी, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तेही उशिरा.

आत्या डावखुरी आहे. जन्मानं. हे मला छत्तीसाव्या वर्षी कळलं, कारण मी तिला सगळी कामं उजव्या हातानं करतानाच पाहिलं होतं. ते तिला शिकवलं गेलं होतं. शिकवणं हा सभ्य शब्द झाला. आजोबा कडक माणूस, निजामाच्या वेळेपासून सरकारी नोकरीतलं घराणं, चारचौघांत इज्जत. पोरगी डाव्या हातानं घास उचलते म्हणजे उद्या डाव्या हातानं प्रसाद घेईल, डाव्या हातानं हळदीकुंकू देईल, सासरचे काय म्हणतील? मग जेवायच्या वेळी आजी पितळी फुलांचा सागवानी पाट मांडायची, त्यावर रजूला बसवायचं आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायचं. जेवण संपेपर्यंत हात तिथंच. हात बाहेर आला की कोण बघणार? तर तीन वर्षांनी मोठा भाऊ. आजोबांनी त्याला हे काम नेमून दिलं होतं, आणि तो ते इमानेइतबारे करायचा. घास तोंडात असतानाच म्हणायचा, "रजू, हात."

एवढंच. ओरडायचा नाही, मारायचा नाही. "रजू, हात." आणि हात पुन्हा मांडीखाली जायचा.

तो भाऊ म्हणजे माझे बाबा. हे सगळं आत्यानं मला पाटाकडे बोट दाखवून सांगितलं. तो पाट अजून तिच्याकडेच होता. आजी गेल्यावर भांडीकुंडी वाटली गेली तेव्हा पाट तिच्या वाट्याला आला, आणि दर भाऊबीजेला बाबा त्याच पाटावर बसून ओवाळून घ्यायचे.

"तू राग कसा गं केला नाहीस कधी?" मी विचारलं.

"केला की. रेघा मारल्या," ती म्हणाली.

त्या रेघा मी पाहिल्या आहेत. रद्दी ट्रेसिंग पेपरच्या कडेला, ऑफिसात कुणी टाकून बोललं की डाव्या हातानं मारलेल्या. वेड्यावाकड्या, जोरकस. उजव्या हाताच्या तिच्या रेघेची साहेब लोक तारीफ करायचे. "ती रेघ खात्याची," आत्या म्हणाली, "माझी नव्हे."

गिटारचं असं, की कॉलेजात असताना तिची एक मैत्रीण होती, ग्लोरिया नावाची. लालागुड्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिचे वडील इंजिन ड्रायव्हर आणि रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळच्या नाचाला इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. एकदा त्यांनी गंमत म्हणून ती आत्याच्या हातात दिली. आत्यानं काही विचार न करता उलटी धरली, म्हणजे तिच्या दृष्टीनं सुलटी, आणि डाव्या हातानं तार छेडली. मग लगेच घाबरून "सॉरी अंकल" म्हणत हात बदलला.

"सॉरी कायको?" ते म्हणाले. "तुम लेफ्टी है, बस."

एखाद्याला चष्मा आहे म्हणावं तसं. आमच्या घरात ज्याला दुखण्यासारखं लपवलं, ते त्या माणसानं चार शब्दांत मोकळं केलं आणि चहा प्यायला आत गेला. आत्या तारनाक्याच्या बसमध्ये बसून घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. ग्लोरियाचं कुटुंब पुढं ऑस्ट्रेलियाला गेलं. आत्या ट्रेसर झाली. तो एक झणकार मात्र तिच्या हातात राहून गेला, आणि निवृत्तीनंतर तिला तो परत हवा होता. डाव्या हातानं, कुणी न टोकता, एक गोष्ट आयुष्यात करून बघायची. मागणं काही फार मोठं नव्हतं.

ती दुकानं हिंडली. मी एका ठिकाणी सोबत होते. दुकानदारानं आधी विचारलं, "किसके लिए आंटी, पोते के लिए?" आत्या म्हणाली, "मेरे लिए." तो हसला. मी त्याला काहीतरी बोलणार होते, आत्यानं माझा दंड धरला. लेफ्ट हँड ठेवत नाहीत, मागवायला लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सीधे हाथ से सीखो ना आंटी. आदत हो जाती."

आदत हो जाती. कुणाला सांगत होता तो!

मीही तेव्हा शहाणपणा केला. म्हटलं, उजव्या गिटारमध्येही डाव्या हाताला काम असतंच की, नाहीतरी तारा डाव्या हातानंच दाबतात. आत्या म्हणाली, "हौ. डाव्यानं दाबून ठेवायचं आणि वाजवायचं उजव्यानं. दाबून ठेवायचं काम त्यानं पुष्कळ केलंय." त्याच संध्याकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर अंथरला.

गिटारचा तो नकाशा बघायला हवा होता. पूर्ण मापाचा, शाईनं काढलेला. अंगाची बाह्यरेषा, नेक म्हणजे तारांची लांब दांडी जिथं बसते ती खाच, आवाज पकडणाऱ्या पिकअपचे दोन खड्डे, वायरी आणि बटणांसाठी एक मोठा खड्डा, प्रत्येकावर खोली लिहिलेली, सुबक देवनागरी अक्षरांत. आणि सगळं डाव्या हाताच्या हिशेबानं. नेक तिनं तयार मागवली, कारण तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांचं माप नवशिक्यानं करायचं काम नव्हे असं तिनंच ठरवलं. अंग मात्र स्वतः करायचं.

लाकडासाठी आम्ही टिंबर डेपोत गेलो. तिला शिवणीचं लाकूड हवं होतं, ते हलकं असतं आणि वाकत नाही असं तिनं वाचलं होतं. इथले लोक त्याला गुम्मडी टेकू म्हणतात. फळी निवडताना डेपोवाल्यानं विचारलं, "दरवाजा है की खिडकी?" आत्या म्हणाली, "गिटार." त्यानं पुढं काही विचारलं नाही आणि फळी घासून द्यायचं कबूल केलं. हैदराबादेत तिला न हसलेला तो पहिला माणूस.

मग बाल्कनीत सुतारकाम सुरू झालं. ती सगळं मोबाइलवर बघून शिकली. पहिल्यांदा रंधा तिनं सवयीनं उजव्या हातात धरला. तो अडकायचा, लाकूड ओरबाडायचा. वैतागून एक दिवस डाव्या हातात घेतला आणि फळीवरून पातळ लांब सालपटं सुटायला लागली. ती बराच वेळ नुसतीच रंधत राहिली, गरज नसताना. करवतीनं अंग कापलं तेव्हा कमरेपाशी रेघ सुटली, म्हणून कानशीनं घासून घासून तिथं मापापेक्षा बारीक झालं. पटाशी एकदा अंगठ्यात गेली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं धूळ उडते म्हणून तक्रार केली, तेव्हा तिनं बाल्कनीला जुन्या साड्यांचे पडदे लावले. राउटर नावाचं मशीन घेतलं, खड्डे पाडायला. ते गरगर फिरतं आणि हाताला हिसका देतं. आत्या त्याला भ्यायची. म्हणून तिनं आधी रद्दी लाकडावर खड्डे पाडून बघितले. पहिले जळून काळे झाले, मग वाकडे आले, मग हळूहळू सरळ यायला लागले. दसऱ्यापर्यंत तिचा हात बसला होता.

दिवाळीच्या तोंडावर नांदेडहून फोन आला, मावशीआजी आजारी आहे. आत्या तिला बघायला गेली. जाण्यापूर्वी तिनं गिटारच्या अंगावर नकाशा डिंकानं चिकटवून ठेवला होता. आल्या आल्या राउटर लावायचा, एवढंच बाकी. किल्ली बाबांकडे होती, झाडांना पाणी घालायला.

इथून पुढचं सांगताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

बाबांच्या मनात काय आलं देव जाणे. बहीण इतके महिने खपतेय, आपण नुसतंच हसलो, दिवाळीला काहीतरी करावं, असं त्यांना वाटलं म्हणे. हेतू चांगला होता, हे मला नंतर चार जणांनी ऐकवलं. चांगल्या हेतूनं आमच्या घराण्यात जे जे झालंय त्याची मोजदाद करायला बसले तर एक दिवाळी पुरणार नाही. बाबांच्या एका अशिलाचा फर्निचरचा कारखाना आहे. बाबांनी ते अंग उचललं, गाडीत घातलं आणि खड्डे पाडून आणायला तिथं घेऊन गेले.

वसुबारसेला आत्या परतली. बाबा, आई आणि मी तिच्या घरी होतो. बाबांनी ते टेबलावर ठेवून वर लाल कापड घातलं होतं. आत्यानं अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच त्यांनी कापड ओढलं.

काम सुरेख होतं, ते कबूल करते. काठ कसे सुरीनं कापल्यासारखे. नेकची खाच, पिकअपचे खड्डे, सगळं जागच्या जागी. आणि सगळं उजव्या हाताचं.

"तू नव्हतीस ते बरंच झालं," बाबा म्हणाले. "मी परेशान झालो ना गं ते बघून. सगळं उलटं झालं होतं. तू कागदच उलटा चिकटवलेलास. मोबाइलवर गिटारचे फोटो काढून बघितले की मी, सगळ्यांचं या बाजूला, तुझंच त्या बाजूला. पहिल्यांदा करतेयस, होतं असं. मी कागद सोडवून मागच्या बाजूला पालथा चिकटवायला लावला. आता सुलटं झालंय."

आत्यानं पिशवी खाली ठेवली.

"अक्षरं?" तिनं विचारलं.

"कसली अक्षरं?"

"कागदावर मी खोली लिहिली होती. पालथा केल्यावर अक्षरं उलटी दिसली असतील."

"दिसली ना. तो कारखान्यातला माणूसही म्हणाला, साब, लिखा हुआ उल्टा दिखता. मी म्हटलं, तुम लिखा मत देखो, आकार देखो."

माणूस आयुष्यभर कागद वाचून पोट भरतो. आणि बहिणीनं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं समोर उलटं दिसत असताना त्याला वाटतं, चूक तिचीच. स्वतःवर एक क्षण शंका नाही. असल्या माणसाला काय म्हणावं, ते मला त्या दिवशीही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

"मी डावखुरी आहे, दादा," आत्या म्हणाली.

बाबा चक्क हसले. "काय तरीच! अगं, आपल्या घरात कुणी डावखुरं नाही. तू तर उजव्यानं लिहितेस, उजव्यानं जेवतेस. मी तुझ्यासोबत लहानाचा मोठा झालो ना?"

मग मी तोंड उघडलं. पाट, मांडी, आजोबा, "रजू, हात", सगळं त्यांच्या तोंडावर फेकलं. आई "मेघना, मेघना" करत राहिली. बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, बनाव नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मला असलं काही आठवत नाही," ते म्हणाले. आणि ते खरं बोलत होते. ते खोटं बोलले असते तर मी कधीतरी माफ केलं असतं. पहारेकरी पहारा विसरला होता. कैदी उभा होता समोर, चपला घातलेला, प्रवासानं थकलेला, आणि तो त्याला सांगत होता की तुरुंग नव्हताच.

आत्या मला म्हणाली, "मेघना, पुरे." मग बाबांना म्हणाली, "दादा, तुम्ही सगळे आता घरी जा. मला अंघोळ करायचीय."

बाबा दुखावले. जिन्यात म्हणाले, "एवढं करून वर हे." मी त्यांच्या गाडीत बसले नाही. रिक्षा करून तारनाक्याला घरी आले आणि नवऱ्यावर चिडले, ज्याचा यात काडीचाही संबंध नव्हता.

पुढचे दिवस आत्यानं फोन घेतला नाही. लक्ष्मीपूजनालाही आली नाही. बाबांनी एकदाच विचारलं, "रजूचं काही कळलं का?" मी फराळाचं ताट उचलून आत गेले. मला भीती वाटत होती की तिनं ते सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलं असेल. जन्मभर ती हेच करत आली होती. हात मांडीखाली.

पाडव्याला न राहवून मी गेले. दार उघडलं तर भुशाचा वास. बाल्कनीत पितळी फुलं एका वाटीत काढून ठेवली होती आणि पाट मधोमध कापलेला होता.

मी बघतच राहिले. आजीचा पाट. माझ्या बारशाच्या वेळी, माझ्या लग्नात, प्रत्येक सणाला मांडलेला पाट. त्याच्यावर करवत चालवायला कुणाही मराठी बाईचा हात धजणार नाही.

"ये," आत्या म्हणाली. "हे धर जरा."

तिनं मला दाखवलं. गिटारचं अंग म्हणजे शेवटी एक जाड फळी. एका बाजूनं उजवी, तर पालथी केली की डावी. म्हणजे बाबांनी खराब केलेली बाजू मागं टाकायची आणि मागची कोरी बाजू पुढं आणायची. पण मागं इतके मोठे खड्डे ठेवून पुढून नवे पाडले असते तर मधे कागदाएवढं लाकूड उरलं असतं. म्हणून आधी जुने खड्डे भरायचे. त्यासाठी तिनं पाटाचे ठोकळे कापले होते, खाचेला एक, पिकअपना दोन, कानशीनं घासून असे बेताचे केलेले की हातोडीनं हलके ठोकूनच आत गेले. बटणांचा मोठा खड्डा तेवढा तिनं भरला नाही. पालथं केल्यावरही तो हव्या त्याच ठिकाणी येत होता, मागून झाकण लावलं की झालं. फिक्या शिवणीत सागवानाचे तीन गडद तुकडे डिंकानं बसले होते, आणि एकात पितळी फुलाच्या खिळ्याचं भोक तसंच दिसत होतं.

"पॉलिशनं झाकता येईल," मी म्हणाले.

"कायला झाकायचं?"

मग तिनं अंग पालथं केलं. वर नवा नकाशा होता. दिवाळीच्या चार दिवसांत तिनं तो पुन्हा काढला होता, आणि या खेपेला रेघा तितक्या सरळ नव्हत्या. अक्षरं जाड, थोडी थरथरती, डावीकडे कललेली. कुठल्या हातानं, हे विचारायची गरज नव्हती. तिनं चष्मा लावला, नाकातोंडाला ओढणी बांधली आणि राउटर सुरू केला. मी फळी दाबून धरली होती आणि डोळे मिटले होते. मशीनचा आवाज सगळ्या बिल्डिंगमध्ये घुमत होता. खाली कुणाचे तरी फटाके वाजत होते, म्हणून सेक्रेटरीला तक्रारीला जागा नव्हती. आवाज थांबला तेव्हा मी डोळे उघडले. खाचेची एक कड जरा खाल्ली गेली होती. बाकी सगळं तिच्या हाताप्रमाणे, तिच्या बाजूला होतं.

"उद्या भाऊबीज," मी म्हणाले. "बाबा येणार?"

"येईल की. दर वर्षी येतो."

"आणि पाट?"

तिनं भुसा झाडला. "बसेल खुर्चीवर."

बाबा आले. नवा झब्बा, हातात मिठाईचा डबा, चेहरा अजून फुगलेला. आई आणि मी बरोबर होतो. आत्यानं फराळ मांडला होता, निरांजन तयार होतं, जमिनीवर रांगोळी होती आणि रांगोळीच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची.

"पाट कुठंय?" बाबांनी विचारलं.

आत्यानं कोपऱ्यातून गिटारचं अंग आणलं आणि त्यांच्या मांडीवर पालथं ठेवलं. बाबांनी आधी नुसतंच पाहिलं. मग त्यांचं बोट त्या खिळ्याच्या भोकावर गेलं. लाकूड ओळखलं त्यांनी.

"आईचा पाट होता हा, रजू."

"माझाही होता. मी त्याच्यावरच बसायचे."

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "सणासुदीचं हे काय." बाबांचा जबडा घट्ट झाला होता, तो राग मी ओळखते, तोच माझ्याकडे आलाय. मला वाटलं आता उठून जातील. खरं सांगते, उठून जावं असंच मला वाटत होतं, म्हणजे मला त्यांच्यावर चिडायला आणखी एक कारण मिळालं असतं. पण ते बसून राहिले. अंग त्यांनी बाजूला ठेवलं, डोक्यावर टोपी घातली आणि कपाळ पुढं केलं. ते करायचं म्हणून करत होते, आटपा एकदाचं, अशा चेहऱ्यानं.

आत्यानं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. डाव्या हाताचं. आणि तो हात भावाच्या कपाळाकडे नेला.

"रजू, हात," बाबा म्हणाले.

ते रागावून म्हणाले नव्हते. ठरवूनही म्हणाले नव्हते. तोंडातून आपसूक निघालं, जेवायला बसलेल्या पोराच्या हलक्या आवाजात. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर पडत गेला. मी आयुष्यात त्यांना कोर्टात हरताना पाहिलेलं नाही, पण ते असंच दिसत असणार.

आत्यानं हात मागं घेतला नाही. बोट कपाळापासून वीतभर अंतरावर होतं, त्यावर कुंकू होतं, आणि ती वाट बघत होती.

बाबांनी विचारलं, "दुखायचं का गं?"

"नाही," आत्या म्हणाली. "मुंग्या यायच्या."

बाबांनी डोळे मिटले. तिनं त्यांना कुंकू लावलं, जरा वाकडं लागलं, आणि ती निरांजनाचं ताट आणायला वळली.